तिसरं कोटेशन

— नाही हो मामा, भाव असा दारात उभ्याउभ्या सांगायची गोष्ट नाही. आत या, बसा, आधी हा एक खाऊन बघा. त्याचे पैसे नाहीत. चवीला एक द्यायचाच, ही पद्धत आहे आम्हा घरी करणाऱ्यांची — आणि निम्मी गिऱ्हाइकं तेवढा एक खाऊन जी जातात ती पुन्हा फिरकत नाहीत. तुम्ही तसले नाही. तुम्हाला कोटेशन घेतल्याशिवाय घरी जाता येणार नाही. हो, माहीत आहे मला, दचकू नका. लग्नाचे दोनशे कपकेक, वर पांढरं क्रीम, खर्च निम्मा मुलाकडचा आणि निम्मा मुलीकडचा, आणि तुमचे दाजी, म्हणजे नवऱ्यामुलाचे वडील, जन्मभर खरेदी खात्यात होते म्हणून प्रत्येक गोष्टीची तीन कोटेशनं. खुर्च्यांची तीन, फुलांची तीन, फोटोवाल्याची तीन. ज्याचं सगळ्यात कमी त्याला काम, मग तो कुणी का असेना. बरोबर? मला कसं माहीत — अहो, मला नाही तर कुणाला माहीत असणार. नवरीची काकू आहे मी. सख्खी. तिच्या वडिलांच्या पाठचा भाऊ म्हणजे आमचे हे. तुम्हाला कुणी बोललंच नाही? बघा. आता कपकेक करणारीकडे म्हणून आलात आणि निघाली व्याह्यांकडची. असू दे, बसा, त्याने भावात फरक पडत नाही.

खरं म्हणजे पडतो. तेच तर सांगायचंय तुम्हाला. पहिलं कोटेशन कुणाचं आहे, ठाऊक आहे ना? नवरीच्या आईचं. माझ्या थोरल्या जावेचं. ती समोरच्या इमारतीत राहते, ती पण हेच करते, आणि आम्ही दोघी बोलत नाही. झाली काही वर्षं. दुसरं कोटेशन चौकातल्या बेकरीचं, ते महाग असणारच, त्यांना दुकानाचं भाडं आहे, काचेची कपाटं आहेत, टोप्या घातलेली माणसं आहेत. राहिले मी. म्हणजे बघा हं — माझं कोटेशन जावेपेक्षा कमी आलं तर काम मला. आणि मग पोटच्या मुलीच्या लग्नात तिने पाहुण्यासारखी बशी हातात धरून माझा कपकेक खायचा. खाईल ती? हॉलच्या पायरीवरून मागे फिरेल. ओळखते मी तिला. आणि मग ठकी — आम्ही नवरीला ठकी म्हणतो — ठकी आई असून बिनआईची उभी राहील तुमच्या सगळ्या माणसांसमोर. एका कपकेकपायी. म्हणून मला बरंच वाटतं की माझा भाव मुळातच जास्त आहे. भरपूर जास्त. मुद्दाम नव्हे हं, गैरसमज नको. आहेच तो तसा. काल ठकीचा फोन आला त्याच्या आधीपासून तो तसाच आहे. — काय म्हणाली? काही नाही, सहज केला होता. अहो मामा, कागद उतरवा, कागदासकट नाही खायचा तो.

हां, लिहून घ्या. मोबाइलवर लिहिता? एका बोटाने? चालेल, मला घाई नाही. फोड करून पाहिजे म्हणता — प्रत्येक बाब वेगळी. दाजी शोभतात खरेदी खात्याचे. आता लग्नाच्या कपकेकचा भाव कसा काढतात ते नीट ऐका, कारण हे तुम्हाला कुणी सांगणार नाही. जी ती आपला भाव पदराखाली झाकून ठेवते. आधी धरायचा माल. मैदा, लोणी, साखर, अंडी, क्रीम, खालचा कागद, वरचा साखरेचा मणी. ते झालं की त्याची तिप्पट करायची. तिप्पटच का? कुणाला माहीत नाही. मी ज्या बाईकडून शिकले तिने तिप्पट सांगितली, तिला तिच्या मावशीने सांगितली, आणि मावशीला विचारायला जावं तर ती आता कुणाला ओळखत नाही. चौपट म्हटलं की गिऱ्हाईक उठतं आणि दुप्पट म्हटलं की आपण झोपतो, एवढंच कळलंय आजवर. लिहा, माल तिप्पट. नगाला पंचेचाळीस. नगच म्हणायचं ना तुमच्याकडे? दोनशे नग. ऐकायला कसं वाटतं, जणू खिळेच मागवतायत. बरं. आता त्याच्यावर लग्न. लग्न ही वेगळी बाब आहे, हसू नका. हाच कपकेक मी वाढदिवसाला दिला तर अर्ध्या भावात देते, कारण वाढदिवसाचा कपकेक टेबलावर ठेवला की पोरं बोट घालून मोकळी होतात, त्याला जगायचंच नसतं. लग्नाच्या कपकेकला उभं राहायचं असतं. माणसं आधी फोटो काढतात, मग नवरानवरीला भेटतात, मग जेवतात, मग कुठे त्याच्याकडे वळतात, आणि तोवर त्याने त्या दिव्यांच्या उकाड्यात मान ताठ ठेवून उभं राहायचं. क्रीम जरासं कलंडलं की व्याह्यांची मान कलंडते. तेव्हा उभं राहण्याचे पैसे वेगळे. पंधरा लिहा. काय लिहिलंत? ‘उभे राहणे’. छान, अगदी सरकारी वाटतंय.

किती झाले? साठ. एवढेच? थांबा, आहे अजून. मोडतोड. मोडतोड म्हणजे आमचे हे. त्यांना डॉक्टरांनी गोड बंद केलंय, आणि आमच्या घरात नियम असा की मोडलेला, बसलेला, वाकडा झालेला कपकेक गिऱ्हाइकाला द्यायचा नाही, घरात खायचा. तेव्हापासून आमच्याकडे कपकेक फार मोडतात. मी ओव्हनसमोर असले की हे मागे येऊन उभे राहतात, आणि नेमका फुगायला लागला की विचारतात, झालं का गं? मी दार उघडते, वारा लागतो, दोन तरी मधोमध बसतात. मग हे हळहळतात. इतकं हळहळतात की ऐकणाऱ्याला वाटावं कुणी गेलं. आणि बशी घेऊन जातात. ते हळहळणं धरून नगाला दहा. सत्तर. पुढे, शांतता. आमच्या खालच्या मजल्यावर एक रखवालदार राहतो, रात्रभर जागतो आणि दिवसा झोपतो. माझा मिक्सर सुरू झाला की त्याचा पलंग हलतो. सुरुवातीला काठीने छत वाजवायचा. मग मी त्याला दोन कपकेक नेऊन दिले, गप्प झाला. आता त्याला कळलंय. आता मिक्सर नसला तरी छत वाजवतो. आणि हल्ली त्याची बहीण आली आहे राहायला, तिचीही झोप सावध आहे. शांततेचे पाच. लिहा ना, हसता काय, खरी बाब आहे ही, पाहिजे तर खाली जाऊन विचारा, पण बेल वाजवू नका, त्याचे पुन्हा द्यावे लागतील.

मग फ्रिज. दोनशे कपकेकचं क्रीम गार ठेवायचं तर आमचा फ्रिज आमचा राहत नाही. दूध शेजारणीकडे, भाजी शेजारणीच्या शेजारणीकडे, उरलेली आमटी खिडकीत. जेवायच्या वेळी मी तीन दारं वाजवते तेव्हा आमचं ताट भरतं, आणि ज्या दारात जावं तिथे बसवून ठेवतात, विचारतात, कुणाचं लग्न, मुलगा काय करतो. त्या उत्तरांचे पैसे कुणी द्यायचे? दहा धरा. पंच्याऐंशी झाले ना? हं. आणि घोर. घोर तर आहेच. लग्नाच्या ऑर्डरीचा घोर कसा मोजावा, हा आमच्या धंद्यातला मोठा प्रश्न आहे, कुणी रात्री मोजतं, कुणी गोळ्या मोजतं. मी वजनावर मोजते. ऑर्डर घेतल्या दिवशी काट्यावर उभी राहते, आणि देऊन आल्यावर पुन्हा. जेवढी उतरले तेवढं लोणी असं समजायचं आणि लोण्याच्या भावाने लावायचं. बरोबर आहे की नाही? माझ्या अंगावरचं म्हणजे शेवटी काय, लोणीच. पंधरा धरा. शंभर. जिना राहिला — लिफ्ट नाही, खोकं आडवं धरून उतरावं लागतं, पाय दिसत नाही, गुडघ्याने पायरी चाचपायची. गुडघ्याचे दहा. एकशेदहा. तुम्ही कशालाच नाही म्हणत नाही हो मामा. घासाघीस करा ना थोडी, मला पुढे कसं जायचं कळेना. घ्या, दुसरा घ्या. आवडला? आवडला म्हणून चेहरा असा करू नका, मला भीती वाटते.

आता शेवटची बाब. हात. हाताचे चाळीस. एकशेपन्नास. हो, हात म्हणजे माझे श्रम. आपलेच हात, त्यांचे कसले पैसे — असं तुम्ही म्हणणार नाही, मला माहीत आहे, मीच म्हणायची तसं. त्यावरूनच तर झालं सगळं. काय आहे, आम्ही दोघी जावा आधी एकत्रच करायचो हे. तिच्या ओट्यावर. चोवीस वाट्यांचा एक मोठा ट्रे घेतला होता दोघींत. पीठ कालवायचं मी, क्रीम तिचं. ठकी शाळेतून आली की स्टुलावर चढून बसायची आणि माझ्या हातातला चमचा चाटायची — तिच्या आईच्या नव्हे, माझ्या. मला मूल नाही ना, तर तेवढं आपलं. हं. तर थोरली मोठी हिशोबी. तिच्याजवळ ते अंडी उकडायचं घड्याळ असतं ना, किरकिर वाजणारं, ते. कालवायला घेतलं की लावायची, थांबलं की लिहायची. एकदा म्हणाली, ओव्हनमधून काढल्यावर गार व्हायला जो वेळ लागतो त्याचेही पैसे लावायचे. मी म्हटलं, ताई, तेव्हा आपण बसलेल्या असतो गं, चहा पितो, बसण्याचे पैसे कोण देतं? ती म्हणाली, मी घरी बसले नसते तर दुसरीकडे बसले असते. मला ते हास्यास्पद वाटलं. हसले मी. मग एका लग्नाची ऑर्डर आली, गिऱ्हाईक माझ्या ओळखीचं, मी तिला न विचारता भाव सांगून टाकला, तीस. नुसता माल आणि वर थोडं. हात धरलाच नाही. तीसच घेते मी नेहमी — म्हणजे घ्यायची. तेव्हा. आता नाही. आता एकशेपन्नास, सांगितलं ना.

तेव्हा ती एकच बोलली, आवाजसुद्धा चढवला नाही. म्हणाली, “तू फुकट राबतेस म्हणून मलाही फुकट राबावं लागतं.” बस. मला वाटलं, मी उपकार करते आणि ही मलाच बोलते. सामान वाटून घेतलं. आणि त्या ट्रेवरून अडलं. ती म्हणे तू ने, मी म्हणे तू ठेव — प्रेमाने नव्हे हो, रागाने — आणि शेवटी दोघा भावांनी तो बाल्कनीत नेला आणि पत्रा कापायच्या करवतीने मधोमध कापला. बारा वाट्या तिला, बारा मला. घाम पुसत आत आले दोघे आणि चहा मागितला. आजही रोज पत्ते खेळतात एकत्र, आत्ताही तिकडेच आहेत आमचे हे. पुरुषांचं बरं असतं, ट्रे कापला की त्यांचं भांडण मिटतं. आमचं तिथून सुरू झालं. तेव्हापासून तिच्या इमारतीतली लग्नं तिची, माझ्यातली माझी, आणि बाहेरचं कुणी आलं की आधी तिच्याकडे साठ ऐकतं, मग माझ्याकडे तीस ऐकतं आणि माझ्याकडे देतं. तिची किती कामं मी अशी — मी मारली असं नाही म्हणणार, मला कळत नव्हतं. कळत होतं थोडं. जाऊ दे, तुम्ही काय ते लिहिताय, हे नका लिहू, ही बाब नाही.

तर एकशेपन्नास. नक्की. पाठवता दाजींना? लगेच? पाठवा. गेलं? बघू — हो, बरोबरच्या दोन खुणा आल्या. निळ्या पण झाल्या. दाजी मोबाइल हातात धरूनच बसलेले दिसतात. चला, सुटले बाई मी. आता खरं सांगते मामा, रागावू नका. ठकीनेच सांगितलं होतं काल. म्हणाली, काकू, तू जास्त सांग, म्हणजे आईला मिळेल, नाहीतर आई माझ्या लग्नात दाराशी उभी राहील. म्हणून मी एवढं सगळं — म्हणजे गुडघा खरा आहे, रखवालदारही खरा आहे, पण पैसे मी कधी कुणाला लावले नव्हते त्याचे. तुम्ही घासाघीस केली असती तर मला आणखी वर चढवताना जरा तरी लाज वाटली असती. असो, झालं. थोरलीला काम मिळालं, तिची मान राहिली, माझंही नाव राहिलं महागडी म्हणून. आता घ्या निवांत तिसरा. आणि आता सांगायला हरकत नाही ना, माझं तर गेलं — तिचं किती होतं? साठच असणार. ती इकडची तिकडे होत नाही.

काय?

पुन्हा सांगा. एकशेवीस? थोरलीने एकशेवीस सांगितले? नाही मामा, तुमचं काहीतरी चुकतंय, ते फुलांचं असेल. कपकेकचंच? आणि बेकरीचं — नव्वद. नव्वद. थांबा, मला बसू द्या. म्हणजे बेकरीचं नव्वद, तिचं एकशेवीस, माझं एकशेपन्नास. म्हणजे सगळ्यात कमी कोण? बेकरी. अहो, ठकीच्या लग्नात बेकरीचे कपकेक? घरात दोन-दोन बायका कपकेक करून करून म्हाताऱ्या होत आल्या आणि टेबलावर बेकरीचे? खाल्लेत तुम्ही त्यांचे? वरचं क्रीम टाळ्याला चिकटतं, दात घासल्याशिवाय सुटत नाही, आणि आतला कपकेक असा कोरडा की माणसाला ठसका लागावा. दोनशे माणसं एकदम खोकतील, नवरानवरी मध्ये उभी. नाही नाही. हे बघा, गुडघ्याचे काढा. काढा हो, गुडघा चांगला आहे माझा, हे बघा, वाकतो. रखवालदाराचे काढा, त्याला मी बघते. घोराचे काढा, मला कसला घोर, मी दगडासारखी झोपते. मोडतोड काढा, ह्यांना मी घराबाहेर बसवीन. हात तर काढाच, हात कधी धरला होता मी आजवर. तीस लिहा. उभं राहण्याचेही नकोत, माझा कपकेक हौसेने उभा राहतो. तीस लिहा आणि पाठवा. — बदलत नाही म्हणजे? एकदा आलेलं कोटेशन उघडलं की बदलत नाही. कुणासाठीच नियम मोडला नाही दाजींनी, सख्ख्या मेव्हण्यासाठीही नाही. बरोबर आहे. निळ्या झाल्या ना खुणा.

पण तिने एकशेवीस का सांगितले? तेच तर मला कळेना झालंय. ती हावरी नाही मामा. तोडून बोलेल, पण साठाचे एकसष्ट करणार नाही. काही बोलली का ती तुमच्याजवळ? पत्ता — माझा पत्ता तिने दिला तुम्हाला? मला वाटलं दाजींनी शोधला. तिने स्वतः? काय म्हणाली, तिच्याच शब्दांत सांगा. नीट आठवून. घाई नाही.

“समोर विचारा, तिचा हात हलका आहे. आणि ती कमीच सांगेल, ती हात धरत नाही.”

असं म्हणाली. हसून म्हणाली की तशीच? तशीच. आणि ठकीला तिच्याच हातचे आवडतात असंही म्हणाली. हं.

म्हणजे तिने मुद्दाम चढवलं, मला मिळावं म्हणून. आणि मी चढवलं, तिला मिळावं म्हणून. आणि बेकरीवाला काही न करता मध्ये बसला. बघितलंत ना, माणसाने एकदाच, आयुष्यात एकदाच हाताचे पैसे धरावेत आणि ते नेमके आज. तिचा सगळा हिशोब कशावर होता — मी नेहमीसारखा मूर्खपणा करीन यावर. आणि मी शहाणी झाले. तिची नजर चुकत नाही हो कधी, पीठ बोटाला लावून सांगते किती मिनिटं लागतील, आणि माझ्या बाबतीत आज चुकली. मला हसू येतंय की काय होतंय कळत नाही. जरा ते फडकं द्या. नाही, ओलं नको, कोरडं. क्रीमचा हात लागला डोळ्याला.

तुम्ही चौथा घेतलात? घ्या. घ्या हो.

एक विचारू मामा? दाजींच्या खात्यात कुणी काही नुसतंच आणून दिलं तर काय करायचे? विकत नाही, नुसतंच. त्याचीही तीन कोटेशनं? विचार करा, घाईने सांगू नका, तुमच्या घरचं आहे. लग्नात कुणी भांडं आणलं आहेरात, तर दाजी त्याला थांबवून म्हणणार आहेत का, आणखी दोघांकडून भांड्याचा भाव आणा? नाही ना? आहेराला कोटेशन लागत नाही. पक्कं? विचारा त्यांना, पाठवा तसं. — काय आलं उत्तर? ‘नाही.’ एवढंच? पुरे आहे. मग बेकरीला सांगा म्हणावं नको. ते दाजींना पटेल, फुकट येत असताना विकत घेणारा माणूस खरेदी खात्यात टिकला नसता. दोनशे कपकेक आहेर, मुलीकडून. मुलीच्या — लिहा — मुलीच्या आईकडून आणि काकूकडून. आई आधी लिहा. नाही, एकटीने नाही देणार मी, एकटीने दिला तर ते मघापेक्षा वाईट, तिच्या उरावर उपकार ठेवल्यासारखं. दोघींनी द्यायचा. शंभर तिचे, शंभर माझे — किंवा तसंही नको, पीठ माझं आणि क्रीम तिचं, पहिल्यासारखं. तिच्या ओट्यावर. माझा ओटा लहान आहे.

ती काय म्हणेल? म्हणेल, अजूनही फुकटच राबतेस. म्हणू दे. मी म्हणेन, ताई, किरकिर घड्याळ लाव तू, गार होण्याचीही मिनिटं लिही, सगळ्याचा आकडा काढ आणि तेवढ्याचा आहेर दिला असं दाजींच्या खात्यात लिहू दे. म्हणजे हात धरलाही आणि सोडलाही. हे ऐकेल ती. नाही ऐकलं तर — तर मला पुढचं सुचत नाही. तुम्ही सुचवू नका, तुमचं तोंड भरलंय.

पाठवलं? बरं. मग उठा आता मामा. नाही, तुम्ही मध्ये पडू नका, बरोबर तर अजिबात येऊ नका, तिच्या दारात मी कुणाला घेऊन उभी राहिले तर ती पाहुण्यासारखं बसवेल मला. एकटीच जाते. पण आधी हे कपडे बदलू दे. असं पिठाने भरलेलं अंग घेऊन गेले तर तिला वाटेल, धंद्याचं बोलायला आले. जा तुम्ही. दार नुसतं ओढून घ्या.